२५ मजली लाकडी टॉवरमध्ये राहणं कितपत सुरक्षित?

मुलगी अमेरिकेत मिल्वॉकीला 'असेंट' या २५ मजली लाकडी टॉवरमध्ये भाड्याने फ्लॅट घेतेय आणि तुम्हाला १८२८ साली जळालेला शनिवारवाडा आठवतोय. परवानगी देणाऱ्यांना भीती कशी वाटली नाही, असं तुम्ही विचारलंय.

वाटली होती. एवढी उंची तिथल्या नियमांत बसतच नव्हती. त्यामुळे ग्लुलॅमचे, म्हणजे पट्ट्या चिकटवून केलेले खांब मॅडिसनच्या सरकारी प्रयोगशाळेत तीन तास जाळून बघितले आणि मग खास मंजुरी मिळाली. शिवाय ही इमारत पूर्ण लाकडी नाही. खालचे ६ मजले काँक्रीटचे आहेत, वरचे १९ लाकडाचे. जिने आणि लिफ्टचे कोअर, म्हणजे त्यांच्याभोवतीचे गाभेही काँक्रीटचे, म्हणजे पळायची वाट लाकडातून जात नाही.

वाड्यात पातळ फळ्या, उघडे जिने, पोकळ्या असायच्या. इथे खांबच जाडजूड असतात. लाकूड जळताना वर कोळशाचा थर धरतं आणि तोच थर आतल्या लाकडाला उष्णतेपासून वाचवतो. जळण्याचा वेग मिनिटाला साधारण ०.६५ मिमी. ६०० मिमीचा खांब चारही बाजूंनी तीन तास जळला, तरी मधे ३६० मिमीच्या आसपास लाकूड उरतं. इमारतीचं वजन पेलण्याचा हिशेब त्या उरलेल्या भागावर करायचा. उघडं पोलाद ५५० अंशांच्या आसपास निम्मी ताकद गमावतं, म्हणून जोडांचं पोलाद लाकडाच्या आत दडवतात. माझ्या मते आराखड्यात सगळ्यात बारकाईने तपासायची जागा हीच.

खरी गोम मात्र गोंदात आहे. सीएलटीचा स्लॅब म्हणजे आडवे-उभे थर चिकटवलेलं जाड लाकूड. जुन्या काही गोंदांमध्ये उष्णतेने थर सुटून खाली पडायचा, आत ताजं लाकूड उघडं व्हायचं आणि विझत आलेली आग पुन्हा भडकायची. घरातलं सामान जळून संपल्यावर आग आपोआप विझली पाहिजे, पण थर गळला तर ती विझत नाही. म्हणून अमेरिकेतल्या सीएलटीच्या मानकाने २०१८ पासून थर न गळणाऱ्या गोंदाची चाचणी सक्तीची केली.

त्यानंतर आयबीसीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या आदर्श बांधकाम नियमावलीच्या २०२१ च्या आवृत्तीत लाकडी इमारतींचे तीन नवे प्रकार आले. ४-ए मध्ये १८ मजल्यांपर्यंत, पण सगळं लाकूड जिप्सम बोर्डसारख्या न जळणाऱ्या आवरणाखाली. ४-बी मध्ये १२ मजले आणि थोडं लाकूड उघडं. ४-सी मध्ये ९ मजले आणि बहुतेक लाकूड उघडं. आगीवर आपोआप पाणी फवारणारे स्प्रिंकलर तिन्हींत हवेतच. २०२४ च्या आवृत्तीने ४-बी मध्ये सगळं छत उघडं ठेवायला मुभा दिली. चाचण्या झाल्यात हे मान्य, तरी मी असतो तर थोडं थांबलो असतो.

आगीचा सगळ्यात मोठा धोका बांधकाम चालू असताना असतो. स्प्रिंकलर सुरू नाहीत, बोर्ड लागलेले नाहीत, वर वेल्डिंग चाललंय. मुलगी तो काळ उलटल्यावर तिथे जातेय, कारण इमारत २०२२ मध्येच पूर्ण झाली.

मुलीला दोनच गोष्टी सांगा. स्प्रिंकलरच्या तोंडाला काही टांगायचं नाही, रंग लावायचा नाही. आणि भिंतीत किंवा छतावर ओल दिसली तर त्याच दिवशी व्यवस्थापनाला कळवायचं. मुरलेलं पाणी लाकूड आतून कुजवतं आणि बाहेरून पत्ता लागत नाही.