नदीत सांडपाणी मिसळल्यावर प्राणवायू कुठे तळ गाठेल, हे गणिताने आधी सांगता येते का?

नाल्याच्या तोंडाशी प्राणवायू बरा भरत असूनही मासे कित्येक किलोमीटर खाली का मरतात आणि ती जागा आधी ओळखता येते का, असे आपण विचारले आहे. ती ओळखता येते. त्यासाठीचे सूत्र स्ट्रीटर आणि फेल्प्स या संशोधकांनी अमेरिकेतील ओहायो नदीच्या अभ्यासातून १९२५ साली मांडले.

सूत्रात दोनच क्रिया धरल्या आहेत: घाण कुजवणारे जिवाणू प्राणवायू वापरतात आणि पृष्ठभागावरून हवेतला प्राणवायू पाण्यात विरघळतो. कुजण्याला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात पाणी पुढे गेलेले असते, म्हणून तूट (पाण्यात मावू शकणाऱ्या प्राणवायूच्या मानाने पडलेली कमतरता) नाल्यापाशी नव्हे, तर खाली जाऊन पराकोटीला पोहोचते.

एक काल्पनिक उदाहरण सोडवून दाखवतो. पाणी २५ अंशांवर, खोली २ मीटर, वेग सेकंदाला ०.२ मीटर, मिसळल्यानंतरची बीओडी (घाण पूर्ण कुजवायला जिवाणूंना लागणारा एकूण प्राणवायू) लिटरला २० मिलिग्रॅम आणि सुरुवातीची तूट १ मिलिग्रॅम आहे. कुजण्याचा दर दिवसाला ०.३ आणि प्राणवायू भरून येण्याचा ०.६ धरला, तर सर्वांत मोठी तूट सुमारे २.१ दिवसांनी, म्हणजे ३७ किलोमीटर खाली येते. या तापमानाला पाण्यात जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, त्यातला तिथे ३ उरतो. मत्स्यजीवनासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात किमान ४ अपेक्षित आहे.

आता त्याच नदीवर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे आणि बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातल्यामुळे खोली दुप्पट, वेग निम्मा झाला आहे, असे धरा. खोली आणि वेगावरून प्राणवायू भरून येण्याचा दर काढणाऱ्या ओकॉनर आणि डॉबिन्स यांच्या सूत्राप्रमाणे हा दर एक चतुर्थांशावर उतरतो आणि तूट १० मिलिग्रॅमच्या वर जाते. तेवढा प्राणवायू पाण्यात मुळात नसतोच. म्हणजे तो शून्यावर आला आहे आणि तिथून पुढे स्ट्रीटर-फेल्प्स यांचे सूत्र लागू राहत नाही. सांडपाणी थेंबभरही वाढलेले नसताना हे घडते, ही बाब मला फार गंभीर वाटते.

दोन्ही दर मात्र पुस्तकातून उचलू नयेत. आपल्या नदीचे पाणी प्रयोगशाळेत ठेवून आणि पात्रात प्रत्यक्ष मोजमाप करून ते ठरवावेत, कारण सारे भाकीत त्यांच्यावरच उभे असते. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते आणि रात्री वापरते, त्याचाही मूळ सूत्रात हिशेब नाही. म्हणून पडताळणीचे नमुने, सूत्राने दाखवलेल्या जागी, सूर्योदयापूर्वी घ्यावेत.