झरमॅटला जाताय? गाडीचं नंतर, आधी हॉटेल कुठे ते बघा

फेब्रुवारीत जिनिव्हाहून गाडी भाड्याने घेऊन झरमॅट या स्वित्झर्लंडमधल्या डोंगरी स्की-गावाला जायचं ठरवलं होतं. तिथे गाड्यांना बंदी आहे हे आत्ता कळलं. बुकिंग रद्द करू का? (पुणे)

फक्त झरमॅटसाठी घेतली असेल तर नक्की रद्द करा. खासगी गाडी खालच्या टेश गावापर्यंतच जाते. तिथल्या मोठ्या वाहनतळावर ती सोडायची आणि शटल ट्रेनने बारा मिनिटांत वर पोचायचं. माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवून अमन लॉजहून शटल पकडतो, तशीच सोय. फक्त इथे घोडेवाल्यांशी घासाघीस नाही. पण मग गाडी आठवडाभर टेशला नुसती उभी राहणार आणि पार्किंगचं बिल चढत राहणार. जिनिव्हा विमानतळावरून फिस्प स्टेशनला थेट ट्रेन आहे, तिथे बदलून झरमॅट. साधारण चार तास, आणि बर्फातल्या रस्त्याची धास्ती नाही.

सोबत सत्तरीतले आईबाबा आहेत, ते स्कीइंग करणार नाहीत. गाड्या नाहीत म्हणजे त्यांना सगळीकडे चालावं लागेल का? आणि ते दिवसभर करतील काय? (नाशिक)

बंदी पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना आहे. विजेवरच्या चौकोनी, डब्यासारख्या टॅक्सी आणि बस गावभर फिरतात. त्यांचा आवाज येत नाही आणि मुख्य रस्त्यावर माणसं आणि टॅक्सी एकाच वाटेने जातात. त्यामुळे फोटो काढताना आईबाबांना रस्त्याच्या मधोमध उभं करू नका.

खरा प्रश्न हॉटेलच्या जागेचा आहे. गाव दरीत लांबट पसरलंय आणि बरीच हॉटेलं चढावर आहेत. ‘स्टेशनपासून दहा मिनिटं’ असं लिहिलेलं असतं, पण ती कोरड्या रस्त्यावरची दहा मिनिटं. निसरड्या बर्फात बॅगा ओढत आणि आईचा हात धरून चाला, मग कळेल. गोर्नरग्राट या डोंगरमाथ्यावर नेणारी ट्रेन मुख्य स्टेशनच्या समोरूनच सुटते. गावाच्या वर असलेल्या सुनेग्गाला नेणारी भुयारी रेल्वे तिथून पाचेक मिनिटांवर. क्लाइन मॅटरहॉर्न या शिखराकडे जाणारी केबल कार मात्र गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. तुमच्यासाठी स्टेशनजवळचं हॉटेल, खोली जराशी लहान मिळाली तरी चालेल. हॉटेलची स्वतःची विजेची गाडी असेल तर ट्रेनची वेळ आधी कळवा. बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे पहिल्याच दिवशी घ्या.

आता दिवसभराचं. गोर्नरग्राटची दातेरी रुळांची ट्रेन 1898 पासून विजेवर चालते आणि 3,089 मीटरवर सोडते. मॅटरहॉर्न (4,478 मीटर) आणि त्याच्या भोवतालची शिखरं बाकावर बसून दिसतात. स्विस ट्रॅव्हल पासवर तिचं तिकीट निम्म्यात मिळतं. खाली गावात मॅटरहॉर्न संग्रहालय आहे. 14 जुलै 1865 रोजी एडवर्ड व्हिंपरच्या तुकडीने शिखर पहिल्यांदा सर केलं आणि उतरताना सातपैकी चौघे कोसळले. तेव्हा तुटलेला दोर तिथे ठेवलाय. जवळच जुन्या वस्तीत उन्हाने काळी पडलेली लाकडी कोठारं आहेत. उंदीर चढू नयेत म्हणून त्यांच्या खांबांवर गोल दगडी चकत्या बसवल्यात. माझ्या मते गावातलं सगळ्यात छान फुकट बघण्यासारखं हेच.

एक मात्र जपा. क्लाइन मॅटरहॉर्नचं वरचं स्थानक 3,883 मीटरवर आहे, म्हणजे लेहपेक्षाही उंच, आणि गाव जेमतेम 1,600 वर. तासाभराच्या आत इतकी चढण होते. पहिल्या दिवशी नकोच, आणि रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको.

आम्ही दोघांनी कधीच स्की पायात घातलेली नाही. झरमॅटला शिकता येईल? (ठाणे)

येईल, पण मी तुम्हाला तिथे पाठवणार नाही. नवशिक्यांचा उतार वर सुनेग्गाला, म्हणजे दिवसातून तीनदा पडायलासुद्धा रेल्वेने वर जायचं. झास-फे किंवा वेंगन बघा. दोन्हीकडे गावात गाड्या नाहीत आणि शिकाऊ उतार गावालगतच आहेत. पक्के झालात की मग झरमॅट.

झरमॅटहून स्की करत इटलीत उतरता येतं म्हणे. शेंगेन व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर अडचण येईल का? (मूळचे कोल्हापूरचे, सध्या लंडन)

नाही. दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच सामाईक व्हिसाच्या क्षेत्रात आहेत, त्यामुळे तो दुसरा प्रवेश धरत नाहीत. पासपोर्ट मात्र खिशात असू द्या, आणि स्की पास दोन्ही देशांत चालणारा घ्या. भीती व्हिसाची नाही, वाऱ्याची. वरच्या लिफ्ट वाऱ्यामुळे बंद पडल्या की इटलीच्या बाजूच्या चेर्विनिया गावात अडकता, आणि रस्त्याने परतायचं तर डोंगराला वळसा घालून कित्येक तासांचा, खिसा रिकामा करणारा टॅक्सीप्रवास. म्हणून सकाळी लवकर जा, जेवण तिकडे करा आणि शेवटच्या लिफ्टच्या बरंच आधी निघा. विम्यात स्कीइंग आणि हेलिकॉप्टर बचाव दोन्ही आहेत ना, तेही तपासा. स्की न करणाऱ्यांनाही 2023 पासून केबल कारने पलीकडे जाता येतं.

शाकाहारी जेवणाचं काय? (सांगली)

रोश्टी (किसलेल्या बटाट्याचा खरपूस थर), राक्लेट आणि फाँड्यू (दोन्ही वितळवलेल्या चीजचे) सगळीकडे मिळतं. रोश्टी मागवताना डुकराचं मांस नको असं स्पष्ट सांगा. पारंपरिक स्विस चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध घट्ट करण्यासाठी वापरतात ते) असतं. ते चालत नसेल तर स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, स्टेशनसमोरच सुपरमार्केट आहे.