हँडल वळवताच रेस वाढते

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. माझ्याकडे कार्ब्युरेटरची २००१ सालची हार्ले-डेव्हिडसन स्पोर्टस्टर ८८३ आहे. तिला उंच हँडल लावले आणि मुठीपासून कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या दोन्ही केबल नव्या, लांब घेऊन स्वतःच बसवल्या. आता हँडल पूर्ण डावीकडे वळवले की रेस आपोआप वाढते, आणि मूठ सोडल्यावरही ती सावकाश उतरते. आयडल केबल ताणून पाहिली, पण आयडल (मूठ सोडलेली असतानाचा इंजिनाचा वेग) कमी झाले नाही. काय करावे?

उत्तर : आयडलचा वेग आयडल केबलने ठरत नाही, तो कार्ब्युरेटरवरील आयडल स्क्रूने ठरतो. एक केबल, म्हणजे थ्रॉटल केबल, थ्रॉटल (कार्ब्युरेटरमधील रेस कमी-जास्त करणारी झडप) उघडते, तर आयडल केबल मूठ मागे फिरवताना ते ओढून बंद करते. परत आणणारी स्प्रिंग कमकुवत झाली किंवा थ्रॉटल अडकले, तरी चालकाला ते हाताने मिटवता यावे, यासाठीच ही दुसरी केबल असते. म्हणून ती काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर कृपया मानू नये.

जुळवणीत क्रम महत्त्वाचा आहे. इंजिन बंद ठेवा, एअर क्लीनर उतरवा आणि मुठीखालचा घर्षणाचा स्क्रू (मूठ आपोआप फिरू नये म्हणून तिला धरून ठेवणारा) सैल करा. दोन्ही केबलवरचे लॉकनट (जुळवणी पक्की धरणारे नट) सैल करून अ‍ॅडजस्टर (केबलचा ताण जुळवणारे स्क्रू) पूर्ण आत फिरवा, म्हणजे दोन्ही केबलना भरपूर ढील मिळेल. मग हँडल सरळ ठेवून मूठ पूर्ण उघडी धरा आणि कार्ब्युरेटरवरील थ्रॉटलची चकती तिच्या अडसराला जेमतेम टेकेपर्यंत थ्रॉटल केबलचा अ‍ॅडजस्टर बाहेर काढून लॉकनट आवळा. त्यानंतर मूठ सोडा, हँडल पूर्ण उजवीकडे वळवा आणि आयडल केबलच्या आवरणाचे टोक कार्ब्युरेटरजवळच्या स्प्रिंगला नुकते स्पर्श करील इतकाच तिचा अ‍ॅडजस्टर बाहेर काढा. ही केबल ताणून बसवली की मूठ जड होते. आपण ती ताणली आहेच, तेव्हा सगळे सैल करून पहिल्यापासून सुरुवात करावी.

आता इंजिन सुरू करून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडल दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवा आणि प्रत्येक टोकाला थोडी रेस देऊन मूठ सोडा. रेस झटकन उतरत नसेल, तर आयडल केबलचा अ‍ॅडजस्टर थोडा आत घ्या.

आपल्या तक्रारीचे मूळ मात्र बहुधा केबलच्या मार्गात आहे. हँडल डावीकडे वळते तेव्हा उजवी मूठ पुढे जाते आणि केबलवर ताण येतो. टाकी आणि फ्रेम यांच्यामध्ये केबल चेपली आहे का, हँडलच्या मानेजवळ ती प्लॅस्टिकच्या पट्टीने करकचून बांधली आहे का, तिला कोठे तीव्र बाक आला आहे का, हे आधी पाहावे. मार्ग मोकळा असूनही रेस वाढत असेल, तर नव्या हँडलसाठी केबल आखूड आहेत, आणि अ‍ॅडजस्टर कितीही फिरवला तरी ती लांबी भरून निघणार नाही.

आयडल स्क्रूला सर्वात शेवटी, इंजिन पुरते तापल्यावर हात लावावा आणि वेग मिनिटाला १००० ते १०५० फेऱ्यांवर ठेवावा. संथ ठोक्यांच्या हौसेपायी तो याहून खाली नेणे मला मान्य नाही, कारण तेलाचा पंप इंजिनच चालवते आणि वेग उतरला की तेलाचा दाबही उतरतो.

हा दोष दूर होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये. अमेरिकेत चौकात डावीकडे वळताना समोरून येणारी वाहने ओलांडावी लागतात, आणि आपली रेस नेमकी त्याच वळणावर वाढते आहे.