अभ्यास, व्यायाम आणि साधना

नागपुरात रामनगर भागात पहाटे आसनांच्या वर्गाला जाणाऱ्या एका ताईंनी विचारले आहे की, वर्गात सगळे ‘योगाभ्यास’ म्हणतात. घरी मुले मात्र ‘आई, हा कसला अभ्यास, हा तर व्यायाम’ म्हणून हसतात. बरोबर कोण, आणि यालाच ‘साधना’ म्हटले तर तो आव आणणे ठरेल का?

ताईंच्या वर्गाचे बरोबर आहे. संस्कृतात अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा करणे; ‘ददाति’ (देतो) या रूपात ‘दा’ धातू दोनदा येतो, त्यातल्या पहिल्या ‘द’लाही व्याकरणकार पाणिनी ‘अभ्यास’च म्हणतो. तुकोबांच्या ‘असाध्य तें साध्य करितां सायास । कारण अभ्यास तुका म्हणे’ या ओळीतला अभ्यासही वहीपुस्तकाचा नाही. पुढे हा शब्द शाळेत गेला, आणि गंमत म्हणजे मुळात ‘शिकवणे’ असा अर्थ असलेला अरबी ‘तालीम’ आपल्याकडे आखाड्यात उतरला. रामनगरातल्याच जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाच्या नावात मात्र जुना अर्थ शाबूत आहे.

मुलांनीही काही वावगे म्हटलेले नाही. व्यायाम, प्राणायाम, नियम, संयम हे सारे एकाच ‘यम्’ धातूचे, म्हणजे आवरण्याचे आणि ताणण्याचे. त्यामुळे व्यायामाला हलके लेखण्याचे कारण नाही. मात्र पतंजलींनी योगसूत्रांत अभ्यास दृढ होण्यासाठी तीन अटी घातल्या आहेत : दीर्घ काळ, खंड न पडणे आणि सत्कार. हा सत्कार शालश्रीफळाचा नव्हे, तर जे करतो त्याविषयीच्या आदराचा. पहिल्या दोन अटी व्यायामशाळेत जाणारा नेटका माणूसही पाळतो. खरी मेख तिसरीत आहे. वृक्षासनात एका पायावर उभे राहिले की घोटा थरथरू लागतो, श्वास नकळत कोंडला जातो आणि नजर हळूच शेजारचा किती वेळ टिकला याकडे वळते. आसन सुटले म्हणून चरफडणारा माणूस व्यायाम करीत असतो. तीच चरफड उठताना ज्याला दिसते आणि जो तिच्याकडे पाहत पुन्हा पाय उचलतो, त्याचा अभ्यास सुरू झालेला असतो. आत्मशोध हा भारदस्त शब्द माझ्या मते इतक्या साध्या ठिकाणी लागू होतो, आणि हे पाहणे रोज ठरल्या वेळी घडल्याशिवाय आपल्या सवयी ध्यानात येत नाहीत, म्हणून शिस्त हवी.

‘साधना’ शब्दाला साध्य लागते. गुडघेदुखी थांबावी एवढाच हेतू असेल तर तो उत्तम हेतू आहे, पण त्याला उपचार म्हणावे. मन ओळखणे हे साध्य असेल तर साधना म्हणण्यात आव नाही.

वापरापुरते सांगायचे तर ‘मी योगाचा अभ्यास करते’ याने ऐकणाऱ्याला ग्रंथ आठवतात. तेव्हा आसन-प्राणायामासाठी ‘योगाभ्यास करते’ आणि ग्रंथांसाठी ‘योगशास्त्राचा अभ्यास करते’ असे म्हणावे.