साडेसातशे फुटांचे घर, साडेसहा हजार फुटांची जागा

प्रश्न : एरंडवण्यात सोसायटीच्या प्लॉटवर माझ्या वडिलांनी १९५८ साली बांधलेले साडेसातशे चौरस फुटांचे कौलारू घर आहे. प्लॉट साडेसहा हजार चौरस फुटांचा, समोरचा रस्ता साडेसात मीटरचा. १९७६ मध्ये मागे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर वाढवले, तो स्लॅब आता गळतो. आई गेल्या वर्षी गेली. वारस आम्ही तिघे : मी, धाकटी बहीण आणि न्यू जर्सीतला भाऊ. एजंट म्हणतो, घराची किंमत शून्य धरा, उलट पाडायचा खर्च वजा होईल. कोपऱ्यावर बारा मीटरच्या रस्त्यावरचा एवढाच प्लॉट नुकताच विकला गेला. त्याच दराने आपलाही जावा, असे भावाला वाटते. बहिणीला घर ठेवायचे आहे. खरी किंमत कशी काढायची? — एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, एजंट आणि तुमचे भाऊ, दोघांचेही गणित फाटकाबाहेर चुकते आहे. बँकांसाठी मूल्यांकनाची कामे करताना मी आधी रस्त्यावर टेप धरायला लावतो आणि मग घरात शिरतो. शहरातल्या मोठ्या प्लॉटची किंमत त्याच्या क्षेत्रफळाइतकीच समोरच्या रस्त्यावर ठरते.

डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियमावलीप्रमाणे मूळ एफएसआय, म्हणजे जमिनीच्या किती पट बांधता येते तो आकडा, १.१० आहे. रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर तिथेच थांबायचे. प्रीमियम भरून वाढीव एफएसआय मिळत नाही आणि टीडीआरही (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) वापरता येत नाही. नऊ मीटरचा रस्ता असेल तर सगळे मिळून २.०० पर्यंत जाता येते, बारा मीटरवर २.२५ पर्यंत. निवासी इमारतीला शुल्क भरून जे साठ टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र मिळते ते सगळ्यांनाच मिळते, म्हणून तुलनेत ते बाजूला ठेवू. (मेट्रो स्थानकापासून पाचशे मीटरच्या आत असाल तर वेगळे नियम लागू शकतात, ते आर्किटेक्टकडून तपासून घ्या.) म्हणजे तुमच्या जागेवर आज ७,१५० फूट बांधता येते आणि कोपऱ्यावर १४,६२५ फूट. जमीन तेवढीच, पण बांधकाम दुप्पट.

बिल्डर भाव धरतो तो बांधता येणाऱ्या फुटाला. हिशोब कळावा म्हणून समजा, कोपऱ्याचा प्लॉट जमिनीच्या फुटाला १८,००० रुपयांनी गेला. २.२५ ने भागा, बांधकामाच्या फुटाला ८,००० येतात. त्याला तुमच्या १.१० ने गुणा, जमिनीच्या फुटाला ८,८०० होतात. प्रत्यक्षात तुमचा दर याहून वर जाईल, कारण कोपऱ्यावाल्याला २.२५ गाठायला प्रीमियम आणि टीडीआरचे पैसे मोजावे लागतात आणि तुमचा १.१० हक्काचा आहे. पण तो १८,००० होणार नाही. भावाला हे कागदावर मांडून दाखवा. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी तक्त्यातला, दर मुद्रांक शुल्कापुरता पाहा. एकाच विभागातल्या या दोन प्लॉटांमधला फरक त्यात नीट उमटत नाही.

इथेच हिशोब संपत नाही. पुण्यातले अरुंद रस्ते नऊ मीटर करण्याचा विषय २०२० पासून चालू आहे. महापालिकेने तुमच्या रस्त्याला नऊ मीटरची रेषा (रुंदीकरणाची हद्द) दिली आहे का, किंवा द्यायचे ठरवले आहे का, हे लेखी विचारा. रेषा असेल तर साठ फुटांच्या दर्शनी बाजूवर पाऊण मीटरची पट्टी, म्हणजे जेमतेम दीडशे चौरस फूट सोडावे लागतील. त्याचा मोबदला एफएसआय किंवा टीडीआरच्या रूपात मिळतो आणि प्लॉटची मर्यादा १.१० वरून २.०० वर जाते. एवढी एक गोष्ट न विचारता सौदा करू नका. एजंटने ती नक्की विचारलेली असते.

कागदांत दोन गोष्टी बघा. सोसायटीच्या जुन्या वसाहतींत जमीन बहुधा सोसायटीची असते आणि सभासद दीर्घ मुदतीचा भाडेपट्टेदार. तुमच्या वडिलांचा मूळ भाडेपट्टा काढून शब्दन् शब्द वाचा. 'एकच राहता बंगला' अशी अट असेल किंवा हस्तांतराला सोसायटीची परवानगी आणि शुल्क असेल तर किमतीवर थेट परिणाम होतो. दुसरे, मालमत्ता पत्रकावरचे क्षेत्र भाडेपट्ट्याशी ताडून घ्या आणि भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज आजच टाका. परवानगीच्या वेळी कागद आणि जागा यांतले कमी क्षेत्र धरले जाते. शेजाऱ्याची कंपाउंड भिंत दीड फूट आत आली असेल तर ते सौद्याच्या टेबलावर कळण्यापेक्षा आता कळलेले बरे.

आता घर. 'शून्य' हे उत्तर बिल्डरच्या बाजूने बरोबर आहे, त्याला ते पाडायचेच आहे. रूढ पद्धतीतही आयुष्य सरलेल्या बांधकामाची साधारण दहा टक्के भंगार किंमत धरतात. तरी तुमच्या छपराला सागवान असेल तर ते घनफुटाने विकले जाते, आणि पाडणारा कंत्राटदार ते गुपचूप आपल्या हिशोबात धरतो. पाडण्याचा खर्च वजा करायचा असेल तर लाकूड जमेला धरा म्हणावे.

पण बिल्डर हे तुमचे एकमेव गिऱ्हाईक नाही. साडेसात मीटरच्या शांत रस्त्यावर, आवारात झाडे असलेला स्वतंत्र बंगला शोधणारी माणसे एरंडवण्यात आजही आहेत. त्यांना एफएसआयशी देणेघेणे नसते. रस्त्याची रेषा नसेल, तर माझ्या मते तुमच्या प्लॉटला जास्त पैसे देणारा हाच माणूस असेल. त्याच्यासाठी घर राहण्याजोगे आहे की नाही याला किंमत आहे, आणि ते तपासता येते.

तपासणी पावसाळ्यात करा, ऑगस्टमध्ये. एप्रिलमध्ये कुठलेही घर चांगले दिसते. शिडी लावून वासा जिथे भिंतीवर टेकतो ती जागा बघा. कौलाच्या घराचे दुखणे तिथूनच सुरू होते, कारण फुटक्या कौलाचे पाणी उतरून तिथे साठते आणि वाळवी तिथूनच चढते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. सागवान भरीव असेल तर टणक आवाज येतो. पोकळ आवाज आला तर टोक हळूच खुपसून बघा, बोटभर आत गेले तर तो वासा बदलायचा. एकूण वाशांपैकी पाचसहा बदलावे लागले तरी छप्पर चांगलेच म्हणायचे. मग जोत्याच्या वर ओल किती फूट चढली आहे ते भिंतीवर पेन्सिलीने आखून ठेवा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेली असेल तर तिच्यावर काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवून तारीख लिहा. पुढच्या सहा महिन्यांत काच तडकली नाही तर पाया स्थिर आहे, भेग जुनी आहे.

तुमच्या वर्णनावरून मला वाटते की १९५८ चे घर तगेल आणि १९७६ चा स्लॅब जाईल. गज गंजले की फुगतात आणि खालचे काँक्रीट ढलप्यांनी सुटते. वरून वॉटरप्रूफिंग करून ते थांबत नाही. गळक्या स्वयंपाकघरावरून सगळे घर मोडीत काढू नका. तेवढा भाग पाडून नव्याने बांधता येतो.

बहिणीचे म्हणणे मी भावनिक समजत नाही. साडेसातशे फूट वजा जाता तुमच्याकडे ६,४०० फुटांचे बांधकाम शिल्लक आहे. घर प्लॉटच्या मधोमध असेल तर ते वापरणे कठीण. एका कोपऱ्यात असेल आणि बाजूने गाडी मागे जात असेल, तर घर राखून मागे दुसरी छोटी इमारत बसू शकते. आर्किटेक्टकडून घर ठेवून आणि घर पाडून असे दोन्ही नकाशे कच्चे काढून घ्या आणि तिघांनी समोरासमोर बघा. आवारातली झाडेही त्या नकाशावर दाखवायला सांगा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचे झाड वारसा वृक्ष ठरते. ते तोडायचे तर परवानगी लागते आणि त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावावी लागतात. घरासोबत लावलेला आंबा आता सहज साठीपुढचा असेल. तो बांधकामाच्या रेषेत येतो की नाही, यावर बिल्डरची ऑफर खालीवर होते.

विकायचे ठरले तर नोंदणीकृत मूल्यांककाकडून दोन तारखांचे मूल्यांकन करून घ्या : आजचे आणि १ एप्रिल २००१ चे. भांडवली नफा २००१ च्या किमतीवरून मोजता येतो, फक्त ती त्या दिवशीच्या मुद्रांक शुल्काच्या किमतीपेक्षा जास्त धरता येत नाही. तुम्हा दोघी बहिणींना साडेबारा टक्के, किंवा महागाई निर्देशांक लावून वीस टक्के, यांतला कमी कर निवडता येईल. भाऊ अनिवासी असल्याने त्यांना हा पर्याय नाही. शिवाय पन्नास लाखांवरच्या सौद्यात तुमच्या हिश्शावर खरेदीदार एक टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापेल, पण भावाच्या हिश्शावर तो कितीतरी जास्त दराने कापावा लागतो. कमी टीडीएसचा दाखला आयकर खात्याकडून मिळतो, पण त्याला वेळ लागतो. भावाने तो अर्ज विसार घेण्याआधीच करावा.