आईने स्टॅम्प पेपरवर मुलगी सोपवली, तरी ताबा संस्थेकडे येत नाही

प्रश्न : आमची सार्वजनिक विश्वस्त संस्था देहविक्रय चालणाऱ्या वस्तीत मुलांचा अभ्यासवर्ग चालवते. तिथल्या दहावीतल्या, 15 वर्षांच्या मुलीच्या आईने घरवालीकडून (कुंटणखाना चालवणाऱ्या बाईकडून) 40 हजारांची उचल घेतली होती. ती फिटत नाही म्हणून परीक्षेनंतर मुलीला 'कामाला' मुंबईला पाठवायचं घरवालीने ठरवलं आहे. वस्तीत आलेल्या एकाने मुलीला नको तसा स्पर्शही केला. आईने 500 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून मुलगी आमच्या हवाली केली आणि पोलिसांत न जाण्याची विनवणी केली. सहा दिवस मुलगी आमच्या कार्यकर्तीच्या घरी आहे. एक देणगीदार उचल फेडायला आणि अशा मुलींसाठी दोन खोल्या घ्यायला तयार आहेत. अहवालात त्यांना तिची हकीकत फोटोसह हवी आहे. आम्ही काय करावं?

उत्तर : मुलगी वेळेत तुमच्यापर्यंत पोहोचली, हे फार मोलाचं आहे. पण नोटरीचा तो कागद तिलाही वाचवणार नाही आणि तुम्हालाही. अल्पवयीन मुलीचा ताबा असा करार करून संस्थेला देता येत नाही. उद्या घरवालीने दबाव आणून आईलाच 'मुलगी पळवली' अशी तक्रार द्यायला लावलं, तर सहा दिवसांचा जाब तुमच्या कार्यकर्तीला द्यावा लागेल. तरीही कागद जपून ठेवा. आईने मुलगी स्वतःहून दिली, एवढं त्यातून दिसतं.

आजच्या आज बालकल्याण समितीकडे, म्हणजे अशा मुलांच्या ताब्याचा निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातल्या समितीकडे, जा. बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार लैंगिक शोषण होण्याची शक्यता असलेलं मूलही 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक' ठरतं. कलम 31 प्रमाणे संस्था स्वतः अशा मुलाला समितीपुढे हजर करू शकते, पोलिसांमार्फतच जायला हवं असं नाही. त्यासाठी प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांची मुदत आहे. ती तुमच्याकडून टळली आहे. इथे संस्था घाबरतात आणि 'काल रात्री आली' असं लिहून मोकळ्या होतात. पुढे मुलीच्या जबाबात खरी तारीख येते आणि मग संस्थेच्या कोणत्याच शब्दावर विश्वास राहत नाही. सहा दिवस ती कुठे, कोणाकडे होती आणि उशीर का झाला, हे जसं घडलं तसं लिहा. समितीची बैठक आज नसेल तर कलम 28 खाली एकट्या सदस्यापुढेही हजर करता येतं. सदस्यांचे फोन नंबर जिल्हा बाल संरक्षण कक्षात मिळतील. कोणी उचलत नसेल तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवा. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर आवक शिक्का घ्या. वयासाठी शाळेचा जन्मतारखेचा दाखला जोडा, तो नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. नुसत्या आधार कार्डावर विसंबू नका.

आता पोलिसांचं. आईची विनवणी समजण्यासारखी आहे, पण तिच्या सांगण्यावरून तुम्हाला गप्प बसता येणार नाही. पोक्सो, म्हणजे मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या, कायद्याच्या कलम 19 नुसार गुन्हा घडल्याची माहिती असलेल्यानेच नव्हे, तर घडण्याची भीती असलेल्यानेही विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. इथे स्पर्शाचा गुन्हा घडून गेलेला आहे. तो न कळवल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सद्भावनेने माहिती देणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे.

पोलीस ठाण्यात बहुधा ऐकावं लागेल, 'मुलगी मुंबईला गेलीच नाही, मग गुन्हा कसला?' म्हणून तक्रारीत स्पर्शाची घटना आधी लिहा, ठिकाण आणि अंदाजे तारखेसह. मग मुंबईला पाठवण्याचा बेत : कोण बोललं, कोणासमोर, उचलीचा आकडा काय. शोषणासाठी मूल मिळवणं, नेणं किंवा ठेवून घेणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 खाली मानवी तस्करी आहे. मुलाच्या बाबतीत शिक्षा किमान 10 वर्षं. 'आमच्या हद्दीत येत नाही' असं म्हणाले तर शून्य क्रमांकाने, म्हणजे हद्द न बघता होणारी, नोंद मागा. नकार आला तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे पाठवा. जबाब घ्यायला शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाची महिला अधिकारी असावी, ती गणवेशात नसावी, आणि जबाब मुलीच्या राहत्या किंवा तिच्या पसंतीच्या जागी व्हावा. रात्री तिला ठाण्यात ठेवता येत नाही.

माझी कळकळीची विनंती : तोवर तिला पुन्हा पुन्हा विचारू नका आणि तिचा व्हिडिओ करू नका. ती आपणहून जे बोलली ते तिच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून एकदा लिहून ठेवा. संस्थेने चार वेळा वदवून घेतलेल्या मुलीला न्यायालयात 'पढवलेली' म्हटलं जातं, आणि तो वार सोसायचा असतो तिला.

उचल फेडू नका. अशा व्यवहाराचं देणं कायद्याने वसूल होऊ शकत नाही. तुम्ही 40 हजार मोजले की घरवालीचा हक्क मान्य केल्यासारखं होतं, आणि वस्तीत मुलीच्या सुटकेचा दर ठरतो. पुढच्या मुलीसाठी तोच दर मागितला जाईल. उचलीची चिठ्ठी, वही किंवा फोनवरचे निरोप असतील तर ते पुरावा म्हणून पोलिसांना द्या.

आईला मात्र एकटी सोडू नका. ठाण्यात पाऊल टाकण्याआधी तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात न्या. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो. तिने मुलीला वाचवायला पाऊल उचललं, हे तिच्या जबाबात पहिल्या ओळीत यायला हवं; नाहीतर तपासात तीच आरोपी ठरण्याचा धोका आहे. घरवालीकडून धमक्या येत असतील तर साक्षीदार संरक्षणासाठी अर्ज करा. सज्ञान स्त्रीने स्वतः देहविक्रय करणं हा गुन्हा नाही. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मानवी प्रतिष्ठेचं संरक्षण या स्त्रियांना आणि त्यांच्या मुलांनाही असल्याचं स्पष्ट केलं आहे. म्हणून आई-मुलीच्या नियमित भेटी समितीकडे अर्जातच मागा.

देणगीदारांचं मन मोठं आहे, पण मुलांना ठेवणाऱ्या संस्थेला बाल न्याय अधिनियमाच्या कलम 41 खाली नोंदणी लागते. सार्वजनिक न्यासाची नोंदणी त्याऐवजी चालत नाही. विनानोंदणी ठेवल्यास एक वर्षापर्यंत कैद, किमान एक लाख दंड किंवा दोन्ही. आधी न्यासपत्रात (ट्रस्ट डीडमध्ये) निवासाचा उद्देश आहे का ते बघा. खरं तर याच पैशात अभ्यासवर्ग रात्री नऊपर्यंत चालवलात तर जास्त मुलींना उपयोग होईल, कारण वस्तीतला धोक्याचा वेळ तोच. फोटो मात्र अजिबात नको. त्याच अधिनियमाच्या कलम 74 खाली ओळख उघड करणं गुन्हा आहे, आणि चेहरा झाकला तरी शाळा, वस्ती आणि आईची हकीकत मिळून ओळख पटतेच. देणगीदारांना खर्चाचा हिशेब आणि मुलींची संख्या द्या.

गुन्हा नोंदल्यावर तुमच्या कार्यकर्तीला 'सहाय्यक व्यक्ती' (तपासात आणि खटल्यात मुलीच्या सोबत राहणारी व्यक्ती) नेमण्याची मागणी समितीकडे करा. मुलीची आणि आईची संमती जोडा. कपडे, प्रवास, जेवण अशा तातडीच्या खर्चासाठी समिती पोक्सो नियम 2020 खाली विशेष मदतीची शिफारस करू शकते. शिफारस मिळाल्यापासून आठवड्यात ती रक्कम मिळायला हवी. भरपाईचा अर्ज विशेष न्यायालयात वेगळा.

आणि अर्जात एक ओळ ठळक लिहा : मुलगी दहावीला आहे, परीक्षा केंद्रापासून जवळच्या बालगृहात ठेवावं आणि पेपरच्या दिवशी नेण्या-आणण्याची सोय आदेशातच नमूद करावी. तोंडी सांगितलेलं बालगृहाच्या अधीक्षकांपर्यंत पोहोचत नाही. पुस्तकं आणि प्रवेशपत्र तिच्यासोबतच द्या.