गुडघा दुखतो, चालणं बंद करू?

प्रश्न: वय ५८. इंदूरला रामबागेत तिसऱ्या मजल्यावर राहते. जिना उतरताना उजवा गुडघा दुखतो. कूर्चा (सांध्यात हाडांच्या टोकांवरची मऊ गादी) झिजली म्हणतात. चालणं थांबवू का?

उत्तर: मुळीच नको. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर दाब पडतो-सुटतो, तेव्हाच तिथल्या वंगणद्रवातून तिला पोषण मिळतं. बसून राहिलात तर मांडीचे स्नायू सुकतात आणि दुखणं वाढतं. उताणं झोपून पाय सरळ ठेवून वीतभर उचला, ५ सेकंद धरा. असं १० वेळा, सकाळ-संध्याकाळ. उतरताना आधी दुखरा पाय खाली, चढताना आधी चांगला वर. काठी डाव्या, म्हणजे दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात (बरेच जण नेमकी उलट धरतात!). गुडघा अचानक सुजून गरम झाला, ताप आला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.